नमुना घरातला झरोका

१

नमुना घरात माणूस मेला, आणि नमुना म्हणून ही गोष्ट फारशी चांगली नव्हती.

घर तसं लहान. दोन खोल्या, एक ओटा, एक न्हाणीघर. इमारतींच्या ऊर्जा संहितेचं, म्हणजे कमी विजेत भागणारं घर कसं बांधावं त्या नियमांचं, मार्गदर्शन केंद्र होतं, त्याच्या मागच्या अंगणात ते बांधलेलं. लोकांनी यावं, भिंतीवर थापटून बघावं आणि संहितेप्रमाणे बांधलेलं घर कसं असतं ते समजून घ्यावं, एवढ्यासाठी. भिंतींच्या पोटात उष्णता अडवणारा थर, खिडक्यांना दुहेरी काच, सगळ्या फटी बुजवलेल्या. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, आणि विजेचा मीटर गोगलगाईसारखा.

केंद्राचे प्रमुख उद्घाटनाआधी स्वतःच त्यात राहायला गेले होते. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. “जे घर लोकांना दाखवायचं, त्यात आधी आपण झोपून बघावं,” असं ते म्हणाले. बुधवारी सकाळी उपप्रमुख मॅडमनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तेव्हा गुरुजी ओट्यापाशी आडवे होते. न्हाणीघरातला गॅसचा गिझर चालू, ओट्यावरचा धूर ओढणारा पंखा चालू, आणि भांड्यातलं पाणी आटून अंड्यांचे दगड झालेले.

डॉक्टर म्हणाले, विषारी वायू. गॅस नीट जळला नाही किंवा त्याचा धूर बाहेर गेला नाही की होतो तो. रंग नाही, वास नाही. माणसाला वाटतं झोप आली.

चौकशीला खात्याने ज्याला पाठवलं त्याला सगळे शंका म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी वापरात यायचं. शंकाने आजवर दोन मोठ्या चौकशा केल्या होत्या. एक गायब झालेल्या खुर्चीची, जी चौकशी समितीच्याच खोलीत सापडली. दुसरी लिफ्टमध्ये आरसा छताला कोणी लावला याची. माणूस गेल्याची ही पहिलीच. अनुभवी अधिकारी रजेवर होते.

“संध्याकाळपर्यंत एक पान दे,” साहेब म्हणाले होते. “गिझर खराब होता, बसवणाऱ्याची चूक. एवढं तूसुद्धा लिहू शकशील.”

गिझर बसवणारे फिटरकाका केंद्राच्या व्हरांड्यात एका हवालदारासोबत बसले होते. ते एक पान आलं की त्यांना घेऊन जायचं ठरलं होतं.

शंका नमुना घरात शिरला. आतल्या खोलीत वर, छताजवळ, वीतभर रुंदीचा चौकोनी झरोका होता. त्याच्याखाली एक स्टूल. घरात दुसरं बसायला काहीच नव्हतं, म्हणून शंका त्यावर बसला आणि विचार करू लागला. उठला तेव्हा पँटला मागे पांढऱ्या रंगाचे पापुद्रे चिकटले होते. ते त्याने झटकून टाकले.

आपण पुराव्यावर बसलो होतो आणि नंतर तो झटकलासुद्धा, हे त्याला बऱ्याच उशिरा कळणार होतं.

२

फोन वाजला. ताई.

“शंक्या, टेम्पो दाराशी उभा आहे. टेम्पोवाला माझ्याकडे बघतोय, मी फोनकडे बघतेय. जाऊ का नको?”

ताईचं नवं घर केंद्राच्या मागच्याच गल्लीत होतं. मोठी इमारत, याच संहितेप्रमाणे बांधलेली, गिझरही याच फिटरकाकांनी बसवलेले. भावजी जहाजावर. घरात ताई आणि तिचं नुकतं बसायला लागलेलं बाळ. जुन्या घराची किल्ली आज द्यायची होती. कालच त्या इमारतीत बरीच कुटुंबं राहायला गेली होती, आणि आज सकाळी गुरुजींची बातमी सगळ्या गल्लीत पसरली होती.

“थांब जरा,” शंका म्हणाला.

“थांबते. पण बाळाला तुझ्यासारखं थांबता येत नाही. त्याला खायला लागतं, धुवायला लागतं.”

“ताई, जरा वेळ दे. मला आधी ही संहिता काय भानगड आहे ते कळू दे.”

“म्हणजे दिवाळी उजाडणार,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

संहिता कळावी यासाठी केंद्रात एक अख्खी खोली होती. मॅडमनी त्याला तिथे नेलं. मॅडम बुटक्या, ताठ, डोळे रडून सुजलेले, पण आवाज इस्त्री केलेला.

“हे मूळ संहितेचं पुस्तक,” त्या म्हणाल्या.

शंकाने मध्येच उघडलं. पहिल्याच वाक्याला तीन उपवाक्यं होती आणि क्रियापद पुढच्या पानावर.

“हे कोणाला कळतं?”

“कोणालाच नाही. म्हणून हे भाष्य.” त्यांनी दुसरा ग्रंथ दाखवला. तो मूळ पुस्तकाच्या दुप्पट जाड होता. “आणि भाष्य समजावं म्हणून ही मार्गदर्शिका.”

“आणि मार्गदर्शिका?”

“तिच्यासाठी हेल्पलाइन आहे.”

“हेल्पलाइनवर कोण असतं?”

“मीच असते.”

बाकी मात्र त्या खोलीत पाहण्यासारखं होतं. केकसारख्या कापून ठेवलेल्या भिंती, कुठल्या थरामागे कुठला थर ते दिसावं म्हणून. एकेरी, दुहेरी, रंगीत काचांचे तुकडे, मागे दिवा लावून कुठली किती तापते ते हाताने बघायचं. आणि गुरुजींनी स्वतः काढलेली चित्रांची पुस्तिका. तिच्यात घर म्हणजे एक लठ्ठ माणूस होता. त्याने स्वेटर घातलेला, तोंड मिटलेलं, आणि नाक मात्र मोठं, मोकळं. खाली लिहिलेलं: अंग झाका, नाक नको.

ही पुस्तिका शंकाला कळली. त्याला जरा बरं वाटलं.

“नाक म्हणजे तो झरोका?”

“हो. फटींतून आत येते ती चोरटी हवा. ती आपण बंद करतो, कारण तिच्याबरोबर उष्णता येते-जाते. मग श्वासाला ताजी हवा हवी, तिला एकच अधिकृत वाट. तो झरोका.”

“सकाळी तुम्ही आत गेलात तेव्हा तो उघडा होता?”

“उघडाच होता. आत्ता आहे तसाच.”

“आधी काय केलंत?”

“गिझर बंद केला. खिडक्या उघडल्या. त्यांना हलवून पाहिलं.” आवाजाची इस्त्री क्षणभर मोडली. “मग पोलिसांना फोन केला.”

“तुमच्याशिवाय तिकडे कोण जात होतं?”

“लंबू. हवेच्या गळतीची चाचणी घेतो तो. काल संध्याकाळी तिथे शिकाऊ लोकांचा वर्ग झाला, तेव्हा होता. वर्ग सुटल्यावर घर झाडून-पुसून सगळे निघाले.” मॅडमनी ओठ मुडपले. “त्याचं काम अर्धवट असतं. दोनदा वरपर्यंत लेखी कळवलंय मी. पावसात भिजत उभा असला तरी त्याच्यासाठी मी छत्री उघडणार नाही.”

“त्याने केलं असेल असं म्हणताय?”

“मी तसं म्हणत नाही. गिझरच खराब असणार.”

शंका जरा चमकला. ज्याच्यावर इतका राग, त्याच्यावर फुकटात आळ घालायची संधी या बाईंनी अलगद खाली ठेवली होती.

३

फिटरकाकांचा गुडघा दुखरा होता. ते सुस्कारा टाकत उठले आणि हवालदाराला म्हणाले, “चल बाबा, तूही चल. एकटं वाटेल तुला.”

न्हाणीघरात त्यांनी गिझर पेटवला. निळी ज्योत लागली, एकसारखी, न फडफडता.

“बघा. असा जळणारा गिझर माणूस मारत नाही. याचा धूर वर या धुराड्यातून छपराबाहेर जातो.”

“मग गुरुजी कसे गेले?”

“कबुतरं,” काका ठामपणे म्हणाले.

“काय?”

“धुराड्यात घरटं घातलं असणार. माझ्या धंद्याला कबुतरांनी जेवढं बुडवलंय तेवढं कोणी नाही.”

हवालदार छपरावर चढला. धुराड्यात बॅटरी मारली. आत घरटं नव्हतं, काडी नव्हती, एक पीससुद्धा नव्हतं. काका हिरमुसले.

मग त्यांची नजर गिझरच्या माथ्यावर गेली, जिथून धुराडं सुरू होतं. तिथे पाण्याच्या नळीला प्लास्टिकची एक कडी होती. ती मेणासारखी वितळून ओघळली होती.

“ही मी बसवली तेव्हा धड होती,” काका हळू म्हणाले. “धूर वर गेला तर इथे आच लागतच नाही. तो इथूनच बाहेर पडलाय. घरात.”

“कशामुळे?”

“ते मला नाही सांगता येत. गिझर चांगला, धुराडं मोकळं. माझी विद्या इथे संपली. आता मला घेऊन जायचं तर घेऊन जा.”

शंकाने खात्यातल्या गॅसच्या जाणकाराला बोलावून घेतलं. त्याने यंत्र लावून पाहिलं. गिझर निर्दोष. अगदी शोरूममध्ये ठेवावा असा.

म्हणजे फिटरकाका सुटले. निदान शंकाच्या मनात तरी. त्याने ताईला फोन लावला. इतका वेळ छातीवर ठेवलेला दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

“गिझर ठीक आहे, ताई. जा तू.”

“नक्की?”

“नक्की.”

“बघ हं. तू लहानपणी विहिरीला पाणी नाही असं नक्की सांगितलं होतंस.”

“ताई, यंत्र लावून बघितलंय.”

“बरं. टेम्पोवाल्याचा जीव भांड्यात पडला.”

फोन खिशात ठेवताना त्याची नजर त्या वितळलेल्या कडीवर पडली. गिझर चांगला असूनही माणूस मेला होता. मग “गिझर ठीक आहे” याने नेमकं काय सिद्ध झालं, हे त्याला स्वतःलाच सांगता येईना.

४

तो पुन्हा गुरुजींच्या पुस्तिकेकडे वळला. लठ्ठ माणूस पान उलटून पुढे गेला होता. आता त्याच्या डोक्यावर टोपीऐवजी पंखा होता, आणि तो पंखा त्याच्या पोटातली हवा बाहेर फेकत होता. खाली ओळ: जेवढी हवा बाहेर, तेवढी आत यायलाच हवी. नाक बंद केलंत तर घर कुठून श्वास घेईल, सांगा पाहू?

उत्तर दिलेलं नव्हतं. गुरुजी शिक्षक होते.

शंका पुस्तिका हातात धरून तसाच नमुना घरात गेला. फिटरकाका मागोमाग लंगडत आले, कारण बसून बसून त्यांना कंटाळा आला होता.

“काका, सकाळी जसं होतं तसं करू. गिझर चालू. ओट्यावरचा पंखा चालू. दार-खिडक्या बंद.”

त्याने पातळ कागदाची एक पट्टी फाडली आणि गिझरच्या माथ्याशी, धुराड्याच्या तोंडाजवळ धरली. पट्टी आत ओढली गेली. धूर वर जात होता. सगळं छान. असा विचार केला तर गुरुजी जिवंत असायला हवे होते.

“आता झरोका बंद करून बघू.”

“कशाने?”

शंकाने इकडेतिकडे पाहिलं आणि मार्गदर्शन खोलीतून भाष्याचा तो ग्रंथ घेऊन आला. स्टुलावर चढून त्याने तो झरोक्यावर दाबून धरला. मापात बसला, जणू त्यासाठीच छापला होता.

“काका, पट्टी धरा.”

न्हाणीघरातून काका म्हणाले, “फिरली.”

“कुठे?”

“बाहेर. माझ्याकडे. तोंडावर गरम वाफ येतेय, उतर खाली, खिडकी उघड आधी.”

दोघं अंगणात आले आणि भिंतीला टेकून खोल श्वास घेऊ लागले. घर कुठून श्वास घेईल, सांगा पाहू. ओट्यावरचा पंखा हवा बाहेर ओढत होता. फटी नाहीत. नाक बंद. घराने मग एकुलती एक उरलेली वाट धरली, धुराडं, आणि गिझरचा धूर उलटा आत ओढला. साधं लबाडीने बांधलेलं घर असतं तर दाराखालच्या फटीनेच गुरुजींना वाचवलं असतं.

“म्हणजे सकाळी तो झरोका बंद होता,” शंका म्हणाला.

“पण बाईंनी तर उघडा बघितला.”

“हो ना.”

शंका पुन्हा आत गेला, स्टुलावर चढला, आणि या वेळी डोळे झरोक्याच्या भोवतालच्या भिंतीला लावले. घराला नुकताच रंग दिलेला. झरोक्याभोवती बोटभर अंतरावर चौकोनी रेघ होती, आणि तिच्या दोन कोपऱ्यांत रंगाचा पापुद्रा उडालेला होता. तिथे काहीतरी चिकटवलेलं होतं, आणि ते घाईने ओरबाडलेलं होतं.

त्याने खाली पाहिलं. मग हळूच आपल्या पँटची मागची बाजू चाचपून पाहिली.

५

लंबू खरोखरच लंबू होता. दारातून येताना तो सवयीने वाकायचा, दार उंच असलं तरी.

“तुझी चाचणी करून दाखव,” शंका म्हणाला.

लंबूने बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणला. पडद्यात गोल मोठा पंखा. “हा घरातली हवा बाहेर ओढतो. मग फटींतून किती चोरटी हवा आत शिरते ते यंत्रावर दिसतं. जास्त शिरली तर घर नापास.”

“आणि झरोका?”

“तो आधी झाकायचा. नाहीतर ताजी हवाही चोरटीत मोजली जाईल. गरिबाला चोर ठरवल्यासारखं.” लंबूने नुसता हात वर केला आणि पिशवीतल्या गुंडाळीतून पारदर्शक चिकट कागद काढून झरोक्यावर लावला. स्टुलाची त्याला गरजच नव्हती.

शंका मागे सरकून बघत राहिला. झरोका पूर्ण झाकलेला होता, आणि उघडा दिसत होता. त्यातून बाहेरचं झाड स्वच्छ दिसत होतं.

“नेहमी हाच कागद?”

“नाही, लाल पट्टी असते. दुरून दिसणारी. ती मागच्या आठवड्यात संपली. गुरुजी म्हणाले हा घेऊ, शिकाऊ लोकांना आतली जाळीपण दिसेल.”

“काल वर्गात हा कोणी लावला?”

लंबू गुंडाळी पिशवीत ठेवू लागला.

“लंबू.”

“आमच्याकडे गुरुजींचा एक नियम आहे. जो लावेल, तोच काढेल. दुसऱ्याने हात लावायचा नाही, नाहीतर चाचणी चालू असतानाच कोणीतरी उपटून टाकतं. मी काल लावला नव्हता. म्हणून मी काढला नाही. नियमाने. मला वाटलं काढला असेल. तो दिसतच नाही ना.”

शंका मॅडमच्या खोलीत गेला. त्या हेल्पलाइनवर कोणाला तरी छताच्या रंगाबद्दल समजावत होत्या. त्यांनी फोन ठेवेपर्यंत तो उभा राहिला.

“मॅडम, सकाळी झरोक्यावर कागद होता. तो तुम्ही काढलात.”

“कोण म्हणतं?”

“माझी पँट. काल संध्याकाळी वर्गानंतर घर झाडून पुसलं होतं, पण स्टुलावर रंगाचे ताजे पापुद्रे होते. फिटरकाकांना स्टुलावर चढता येत नाही. लंबूला स्टूल लागत नाही. आणि पोलिसांच्या आधी आत तुम्ही एकट्याच होतात.”

मॅडमनी हेल्पलाइनचा फोन उचलून बाजूला ठेवला.

“कोणासाठी काढलात, हा प्रश्न होता. लंबूने लावला असता तर तुम्ही तो तसाच ठेवून हवालदाराला बोट धरून दाखवला असता. त्याच्यासाठी तुम्ही छत्री उघडत नाही, स्टुलावर कशाला चढाल? तुम्ही स्वतः लावला असता तर गुरुजींना उठवायच्या आधी तोच ओरबाडायला धावला असतात, पण आधी तुम्ही गिझर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांना हलवलं. लंबूला विचारलं तर त्याने नाव घ्यायचं टाळलं. मग राहिलं कोण?”

मॅडमनी खुर्ची मागे सारली.

“वर्गात सगळ्यांसमोर त्यांनीच लावला,” त्या म्हणाल्या. “स्टुलावर उभं राहून. मी स्टूल धरलं होतं. सगळं आयुष्य ते एकच गोष्ट सांगत आले, अंग झाका, नाक नको. आणि स्वतःचंच नाक झाकून झोपले. कसं सांगायचं हे लोकांना? लोक हसले असते.”

“म्हणून फिटरकाकांना जाऊ देणार होतात?”

“मला वाटलं काहीच सिद्ध होणार नाही. गिझरवर येईल आणि विरून जाईल.” त्यांनी डोळे पुसले. “अलीकडे ते विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या. मी मागे मागे फिरून उचलत होते. मागच्या गल्लीतल्या इमारतीतसुद्धा—”

त्या थांबल्या.

“मागच्या गल्लीतल्या इमारतीत काय?” शंकाने विचारलं, आणि विचारता विचारताच फोन खिशातून काढला.

“तिथल्या सगळ्या घरांची चाचणी मागच्या आठवड्यात झाली. याच गुंडाळीने. लंबू एकटा पडत होता म्हणून गुरुजी मदतीला गेले. काही झरोके लंबूने लावले, काही त्यांनी.”

“आणि काढले?”

“जो लावेल,” मॅडम म्हणाल्या, “तोच.”

शंकाने ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. फोन कुठल्यातरी खोक्यात, भांड्यांच्या खाली, वाजत असणार.

६

धावताना त्याला स्वतःचंच वाक्य ऐकू येत होतं. नक्की. यंत्र लावून बघितलंय.

मागे लंबू, त्याच्या मागे स्टूल घेऊन मॅडम, सगळ्यात मागे फिटरकाका, आणि काका पळून जातायत असं वाटून त्यांच्या मागे हवालदार. लिफ्ट ताईच्याच सामानाने अडवलेली होती. शंका जिने चढला.

ताईच्या दारात कपाट होतं. दारात म्हणजे दाराच्या मधोमध, ना आत ना बाहेर, तिरकं अडकलेलं. एका बाजूला दोन हमाल, आणि आतून ताईचा आवाज.

“मापं घ्यायला नको? आता मी या घरातून बाहेर कशी येऊ, कपाटातून?”

आवाज खणखणीत होता. शंका भिंतीला टेकला. मग कपाटाखालून सरपटत आत गेला.

आत सगळं चालू होतं. गिझर चालू, ओट्यावरचा पंखा चालू, बाळ टबात बसून पाण्यावर थापा मारत होतं. शंकाने गिझर बंद केला, पंखा बंद केला, बाळाला ओल्या अंगाने उचललं आणि छातीशी धरलं. बाळाने त्याचा कान ओढला.

“काय झालं?” ताई म्हणाली. “असा पांढराफटक का?”

झरोका उघडा होता. त्यातून आभाळ दिसत होतं. शंकाने बाळ ताईकडे दिलं आणि पेटीवर चढून हात लांब केला. बोटं आभाळापर्यंत पोचलीच नाहीत. मध्येच गुळगुळीत काहीतरी लागलं.

त्याने तो कागद सोलून काढला. तो त्याच्याच मनगटाला चिकटून बसला.

“ताई, मी तुला चुकीचं सांगितलं होतं.”

ताईने त्याच्याकडे पाहिलं, झरोक्याकडे पाहिलं, मग दारातल्या कपाटाकडे. दार बंद होत नव्हतं म्हणून जिन्यातली हवा आत येत होती. तिला सगळं कळलं की नाही कोणास ठाऊक. ती खाली बसली आणि हमालांना म्हणाली, “राहू दे रे ते तसंच. अजिबात हलवू नका.”

पण बाकीच्यांची कपाटं नीट आत गेली होती. बाकीची दारं काल रात्रीपासून व्यवस्थित बंद होती.

कुठल्या घरातला कागद राहिलाय हे कोणालाच माहीत नव्हतं. सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो विसरला असता. सगळी दारं ठोठावायची होती. पहिल्या दारावर लंबू म्हणाला, “हवेची तपासणी.” आतून उत्तर आलं, “मागच्या आठवड्यात झाली.” दुसऱ्या दारावर शंकाने ओळखपत्र दाखवलं, तर त्या गृहस्थाने ते साखळीच्या फटीतून नीट वाचून परत दिलं आणि दार लावून घेतलं. फिटरकाकांना पाहून तर एक बाई ओरडल्याच, “हाच तो गिझरवाला.”

मग मॅडम पुढे झाल्या. पुढच्या दाराची घंटा त्यांनी वाजवली. दार किलकिलं झालं.

“आमचे गुरुजी काल गेले,” त्या म्हणाल्या. आवाज इस्त्रीचा नव्हता. “हवेचा झरोका त्यांनी कागदाने झाकला होता. काढायला विसरले. आज सकाळी मी ते लपवलं. तुमच्या घरातलाही ते विसरले असतील. मला आत येऊन बघू द्या.”

दार उघडलं.

हे त्यांना दर दाराशी म्हणावं लागलं. ते विसरले. मी लपवलं. एका मजल्यावर काही मिळालं नाही. वरच्या मजल्यावर एक आई म्हणाली, कालपासून आम्हा सगळ्यांचं डोकं धरलंय, नव्या रंगाचा वास असेल. लंबूने हात वर केला आणि त्याच्या हातात कागद आला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. फिटरकाका प्रत्येक घरात जाऊन गिझर बंद करत होते. हवालदार आता त्यांच्यावर नजर ठेवायचं सोडून पुढच्या घंटा वाजवत होता. मॅडमचा घसा बसला होता, तरी त्या म्हणतच होत्या. विसरले. लपवलं. पहिल्या काही दारांशी त्या हे म्हणताना मान खाली घालत होत्या. नंतर घालत नव्हत्या.

साहेबांचा फोन आला. “ते एक पान?”

“साहेब, अजून बरीच दारं राहिलीत,” शंका म्हणाला आणि फोन बंद केला.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. घंटा वाजवली, कोणी आलं नाही. लंबूने दारावर मुठी मारल्या. अखेर एक तरुण बाहेर आला, कमरेला टॉवेल, तोंडभर साबण, एक डोळा मिटलेला.

मॅडमनी श्वास घेतला.

“आमचे गुरुजी काल गेले. हवेचा झरोका ते उघडायला विसरले, आणि मी—”

“कोण गुरुजी?” तो म्हणाला.

मॅडमचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी ते मिटलं, आणि त्या तरुणाला बाजूला सारून आत पाऊल टाकलं.

“आमचे होते एक,” त्या म्हणाल्या. “तू आधी गिझर बंद कर, बाळा.”